तांब्याची माशी

मराठीत 'माश्या मारत बसणे' म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक आहे. उर्दूतही 'मक्खियाँ मारना' म्हणजे तेच. आम्ही गेली काही वर्षे माश्या बांधतो, असे स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, मारण्यापर्यंत ऐकलं होतं. बांधता कशाला? पळून जातात का?" (आम्ही म्हणजे आम्ही एकटेच. उर्दू माध्यमात शिकलो, उर्दू माध्यमातच शिकवतो. 'हम' म्हणायची सवय लागली ती मराठी लिहितानाही सुटत नाही. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.)

तर ही माशी म्हणजे गळच. ट्राउट नावाचा मासा थंड, निवळ, वाहत्या पाण्यात राहतो आणि बव्हंशी पाण्यातले किडे खाऊन जगतो. गळावर पीस, लोकर, धागा गुंडाळून त्या किड्याची नक्कल करायची आणि लवचिक काठीने ती माशाच्या पुढ्यात टाकायची, हा इंग्रजांचा जुना छंद. आपल्याकडे गिरणेच्या काठावर लोक गळाला कणकेची गोळी लावतात, बिडी पेटवतात आणि बसतात. मासा येईल तेव्हा येईल. इथे बसणे नाही. इथे आधी डोळ्यांनी मासा शोधायचा, मग वाकून, प्रसंगी रांगत, त्याच्या नकळत जवळ जायचे आणि त्या एकाच माशाला माशी टाकायची. मांजर चिमणीवर जाते तसे.

हे वेड आम्हाला लागले मुंबईत, फोर्टच्या फुटपाथवर. 2016 साली एका प्रशिक्षणासाठी गेलो होतो. शिक्षणशास्त्राची जुनी पुस्तके चाळताना फ्रँक सॉयर नावाच्या इंग्रजाचे 'निम्फ्स अँड द ट्राउट' हे 1958 सालचे पुस्तक हाती आले. निम्फ म्हणजे परी, एवढे इंग्रजी आम्हाला येत होते. पऱ्यांचा आणि माशांचा काय संबंध, म्हणून घेतले. परतीच्या गाडीत कळले, की मेफ्लाय नावाच्या कीटकाच्या पाण्यातल्या बाल्यावस्थेलाही निम्फच म्हणतात. हा किडा महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, पाण्याखाली दगडांच्या आडोशाने राहतो. एके दिवशी वर येतो, पंख उघडतो आणि तास दोन तास, फार तर दिवस दोन दिवस जगून मरतो. त्या अवस्थेत त्याला खाता येईल असे तोंडसुद्धा नसते.

सॉयर हा काही विद्यापीठातला शास्त्रज्ञ नव्हता. 1906 मध्ये जन्मलेला हा माणूस विल्टशायरमधल्या नेदरॅव्हन गावी एव्हन नदीचा राखणदार होता. लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी मंडळाने त्याला 1928 साली ठेवले आणि त्याची सारी हयात त्या एका नदीवर गेली. त्याच्या आधीच्या काळात इंग्रजांत मोठा वाद होता. फ्रेडरिक हॅलफर्डच्या पंथाचे म्हणणे, माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे. मासा वर येऊन तोंड उघडेल तरच त्याला टाकावी, बाकी सारा अधर्म. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या लंडनच्या वकिलाने 1910 मध्ये पुस्तक लिहून सांगितले, की बाबांनो, मासा बहुतेक वेळ पाण्याखालीच जेवतो, तर माशीही पाण्याखाली का नको? या प्रश्नावर लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात 1938 साली रीतसर वादसभा झाली. आम्हाला हे वाचताना आपल्याकडच्या मुनाजऱ्यांची आठवण झाली. मसला नखाएवढा, आणि दोन्हीकडे दाढ्या हलताहेत!

स्क्यूजच्या माश्या पाण्याच्या कातडीखाली बोटभर बुडत. सॉयरने काठावर पालथे पडून पाहिले, की मासा त्याहून खोल, तळाशी उभा असतो आणि किडाही तिथूनच सुटून वर निघतो. दुसरे त्याने पाहिले ते असे, की पोहताना हा किडा पाय अंगाशी मिटून घेतो. मग माशीला पायांसाठी पिसांचा झुपका हवा कशाला? तो झुपकाच तिला बुडू देत नाही. त्याने झुपका काढला. मग धागाही काढला. धाग्याच्या जागी केसाएवढी बारीक तांब्याची तार आणि तिच्याबरोबर फेझंट पक्ष्याच्या शेपटीची चार केसरे. संपली माशी. तारच धागा, तारच वजन, आणि पिसांच्या फटींतून दिसते ती तांबूस चमकही तारेचीच.

तांब्याची तार हा शब्द वाचला आणि आम्हाला अब्बा आठवले.

अब्बांनी मालेगावात चाळीस वर्षे मोटारी भरल्या. पॉवरलूमच्या मोटारी, पाणी ओढायचे पंप, छताचे पंखे, मिक्सर. जळलेली कॉइल कापून काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच नव्या तारेचे वेढे घालायचे. वेढा चुकला तर मोटार तापते. त्यांनी कधी कागदावर आकडा टिपला नाही. तोंडाने मोजत आणि कोणी मध्येच सलाम केला तर बोटाने 'थांब' म्हणत. घरात तारेचा गेज सांगायला आम्ही अंगणवाडीच्या आधी शिकलो. छत्तीस नंबर पंख्याची, त्याहून जाड ती लूमच्या मोटारीची, आणि बेचाळीस-चव्वेचाळीस म्हणजे जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरची, जी फुंकरीने हलते.

पुस्तकातले चित्र त्यांना दाखवले. त्यांनी ते नाकापाशी धरले, मग दूर धरले, मग खिडकीकडे तोंड करून पाहिले. म्हणाले, "मास्टर, ये तो वाइंडिंग है."

आम्ही शाळेत लागलो त्या दिवसापासून ते आम्हाला मास्टर म्हणतात. त्यात लाडही असतो आणि थोडी थट्टाही.

फेझंटची केसरे आपल्याकडे कुठून आणायची? कायद्याने हे पक्षी संरक्षित आहेत, आणि ते बरेच आहे. आम्ही शेतात गळून पडलेले मोरपीस वापरले. मोराची केसरे इंग्रजही त्यांच्या माश्यांत वापरतात. ती सूर्यप्रकाशात ठेवली की हिरवा रंग जाऊन तपकिरी-तांबूस होतो. एकच दोष, केसर फार नाजूक, माशाच्या दाताने तुटते. पण तारेबरोबर पिळले की टिकते.

कृती अशी. चौदा नंबरचा गळ शिकंज्यात धरायचा. तार वाकापासून नेढ्यापर्यंत घट्ट, वेढ्याला वेढा लावून न्यायची. नेढ्यामागे, किड्याचे पंख जिथे आत घडी होऊन असतात तिथे, दहा-बारा जादा वेढे घालून लहानसा उंचवटा करायचा. तार परत मागे आणायची. तिथे चार केसरे अशी बांधायची, की त्यांची टोके तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी मागे उरतील, ती शेपटी. मग केसरे आणि तार यांचा एकत्र पीळ करून पुढे गुंडाळत यायचे. अंग शेपटीकडे निमुळते आणि छातीकडे भरीव हवे. उंचवट्यापाशी पीळ सोडून तार पुढे न्यायची, केसरे एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे अशी उंचवट्यावर दुमडायची आणि दर घडीला तारेचे दोन वेढे मारायचे. शेवटचे चार वेढे नेढ्यामागे, आणि तार वाकवून वाकवून तोडायची. कापायची नाही. कापली की टोक बोचते आणि तंगूस तिथे झिजते. ही शेवटची गोष्ट आम्ही पुस्तकातून नव्हे, अब्बांकडून शिकलो. तेच नंतर वार्निशचा एक थेंबही देऊ लागले. सॉयरच्या कृतीत वार्निश नाही. पण चाळीस वर्षे ज्याने वार्निश न लावता कॉइल बाहेर दिली नाही, त्याला कोण सांगणार?

आता वजनाचे. तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. शिसे त्याहून जड, अकरापटीच्या वर, पण ते मऊ आणि विषारी. इंग्लंडमध्ये गळाच्या शिशाच्या गोळ्या गिळून हंस मरू लागले, तेव्हा 1987 पासून त्यांच्या नेहमीच्या वापरातल्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. अलीकडे टंगस्टनचे मणी मिळतात, ते एकोणीसपट जड. गळात मणी ओवला की काम झाले, ना मोजणे ना पिळणे. खोल, खळाळत्या पाण्यात ते उपयोगी आहेत हे मान्य. पण दीड-दोन फूट निवळ पाण्यात माशाच्या डोक्याशी तो मणी 'टुप्‌' करून पडतो आणि मासा निघून जातो. दार वाजवायचे ते पाहुण्यासारखे, वसुलीवाल्यासारखे नव्हे, असे आमचे मत.

वजन किती, हा प्रश्न खोली किती, यापासून वेगळा करता येत नाही. पाणी सेकंदाला एक फूट वाहते आहे, मासा दोन फूट खोल आहे, माशी सेकंदाला अर्धा फूट बुडते, तर ती माशाच्या किती पुढे टाकावी? आठवीच्या होडी-प्रवाहाच्या गणितासारखेच हे. उत्तर चार फूट. तीन फुटांवर टाकली तर माशी माशाच्या डोक्यावरून जाते, आणि पाच फुटांवर टाकली तर आधीच तळाच्या गोट्यात अडकते. अब्बांनी अंगणातल्या पाण्याच्या पिंपात माश्या सोडून, तोंडाने मोजून, तीन जाती ठरवल्या. दहा जादा वेढ्यांची, सोळाची आणि चोवीसची. तीन काडेपेट्यांत त्या ठेवल्या. पेटीवर काही लिहिले नाही. बोटाने उचलली की त्यांना कळते.

लिहिले नाही, याला कारण होते. अब्बांना काचबिंदू आहे. उर्दूत काला मोतिया. मोतीबिंदू काढून टाकता येतो, हा नाही. डोळ्यातला दाब वाढून बरेचदा मागची नस मरत जाते, आणि नजर जाते ती बहुधा कडेकडून. दुखत नाही, खुपत नाही. माणसाला वाटते, दिसते आहे की सगळे! दाराची चौकट खांद्याला लागू लागते, शेजारी बसलेला माणूस एकदम 'आला कुठून' असा वाटतो, तेव्हा कळते. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळायची. आमच्याकडे हे 2019 मध्ये कळले, आणि तोवर डावा डोळा बराचसा गेला होता. दुकान त्यांनी त्याच वर्षी बंद केले. जळलेल्या मोटारीचे कनेक्शन चुकले तर आग लागते, म्हणाले, आपल्या नावावर ती नको.

दुकान बंद केलेला कारागीर घरात कसा दिसतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. दिवसभर ओट्यावर. अजान झाली की मशीद, तिथून परत ओटा. बोटे मात्र रिकामी नव्हती. तहमदीच्या काठाचा धागा काढून त्याचाच पीळ करत बसायचे. त्या दिवसांत आम्ही ते जुने पुस्तक बाहेर काढले होते, हे सांगितले म्हणजे पुरे.

शाळेत आम्ही विज्ञानही शिकवतो. अपवर्तनाच्या धड्याला वाटीत नाणे ठेवतो, मुलांना नाणे दिसेनासे होईपर्यंत मागे सरकवतो आणि वाटीत पाणी ओततो. नाणे वर येते. मासा दिसतो त्याहून खोल असतो, हे तेव्हाच समजते. दिसणारी खोली खऱ्या खोलीच्या साधारण पाऊणपट. पण मासा आपल्याला कसा पाहतो? त्याच्या डोक्यावर पाण्याच्या पृष्ठभागात एक गोल खिडकी असते. तिचा व्यास त्याच्या खोलीच्या सव्वादोन पटीहून किंचित जास्त. दोन फूट खोल माशाला साडेचार फुटांची खिडकी. बाहेरचे सारे आभाळ, झाडे, काठावरचा माणूस त्या खिडकीत आवळून मावलेले असते आणि खिडकीबाहेर पृष्ठभागाचा आरसा, ज्यात नदीचा तळच दिसतो. काठालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपून अगदी बारीक होतात. म्हणून वाकलेला माणूस माशाला जवळजवळ दिसत नाही आणि उभा राहिलेला लगेच दिसतो.

हे अब्बांना समजावले. त्यांनी हाताची मूठ पोकळ करून उजव्या डोळ्याला लावली, इकडे-तिकडे पाहिले.

"म्हणजे त्यालाही काला मोतिया."

"नाही अब्बा, त्याला सगळे दिसते. लहान जागेत, एवढेच."

"मग माझ्यापेक्षा बरा." आणि पुन्हा वेढे मोजू लागले.

ट्राउट महाराष्ट्रात नाही. आपले पाणी त्याला गरम. हिंदुस्थानात तो पाहायचा तर हिमालय किंवा निलगिरी. काश्मीरमध्ये तो आला तोही पाहुणाच. फ्रँक मिचेल नावाच्या गालिच्यांच्या कारखानदाराने विलायतेहून अंडी मागवली. पहिली खेप वाटेतच मेली. दुसरी 1900 साली स्कॉटलंडहून जिवंत पोचली आणि श्रीनगरजवळ हारवनला मासे वाढू लागले. तिथून ते लिद्दर, सिंध, ब्रिंगी अशा ओढ्या-नद्यांत गेले. अनंतनागकडच्या कोकरनागचे पाणी चुनखडीच्या डोंगरातून झऱ्यांनी फुटते. सॉयरच्या एव्हनचे पाणीही खडूच्या, म्हणजे चुनाच्याच, खडकातून येते. दोन्हीकडे पाणी काचेसारखे, दोन्हीकडे मासा दिसतो, आणि मासाही पाहतो. चुनखडीचा दुसरा गुणही त्या लोकांनी भोगला आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिंगीच्या पात्रात भगदाड पडले आणि अख्खा प्रवाह जमिनीत शिरला. खालच्या कोरड्या पात्रात ट्राउट तडफडून मेले.

मे 2024 मध्ये आम्ही अब्बांना घेऊन निघालो. 20 तारखेला मालेगावात मतदान होते. केंद्रावरची ड्युटी आटोपली, पेट्या जमा केल्या आणि मनमाडहून झेलम एक्सप्रेस धरली. दोन रात्रींचा प्रवास. ब्रिंगीचे पाणी पुढे झेलमलाच मिळते, हे अब्बांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, म्हणजे गाडी बरोबर पकडली.

मासेमारीसाठी तिथे सरकारी परवाना लागतो. नदीचे तुकडे पाडलेले असतात आणि ज्याला जो तुकडा मिळाला त्यानेच तिथे मासे धरायचे. आमच्याबरोबर एक वयस्क वाटाड्या होते. त्यांना आम्ही चाचा म्हणत होतो. चाचांची उर्दू आमच्या मालेगावी उर्दूपेक्षा सुरेख. त्यांनी अब्बांच्या काडेपेटीतली माशी तळव्यावर घेतली, तोलली आणि विचारले, "किसने बाँधी?" अब्बांनी काही उत्तर दिले नाही. चाचांनी त्यांच्या बोटांकडे पाहिले आणि पुढे विचारले नाही.

मुख्य प्रवाह बर्फाच्या पाण्याने गढूळ होता. झऱ्याचे पाणी येऊन मिळते तिथे, एका वळणाच्या आत, निवळ पट्टा होता. चाचांनी हात मागे करून आम्हाला थांबवले. आम्ही चष्म्यातून पाहिले. (पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा यात काठीइतकाच गरजेचा.) काही दिसेना. चाचा म्हणाले, मासा शोधू नका, त्याची सावली शोधा. तळाच्या पिवळट वाळूवर एक सावली होती, तिच्या मागचे टोक हलत होते. मग सावलीच्या वर मासा दिसला, तोही दिसला म्हणजे पाण्याचाच एक जाडसर तुकडा. तो किंचित उजवीकडे सरकला, तोंडात पांढरे काहीतरी उघडमीट झाले आणि तो परत जागेवर आला. जेवत होता.

अब्बांना यातले काहीही दिसणार नव्हते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. त्याला मागचे दिसत नाही, म्हणून खालच्या अंगाने जायचे. अब्बांचा हात धरून आम्ही पाण्याच्या कडेने सरकत गेलो. खडा सरकला तरी माशाला अंगाने कळते, त्यामुळे पाऊल ठेवायचे ते आधी टाचेने चाचपून. शेवटचे अंतर गुडघ्यांवर. माशापासून बारा-तेरा फुटांवर अब्बा वज्रासनासारखे बसले, म्हणजे अत्तहियातला बसतात तसे. त्या वयात त्या दगडांवर आम्हाला तसे बसता आले नसते. पाठीमागे वाकून आम्ही त्यांच्या कानाशी होतो. दोरी काठीबाहेर जेमतेम, पुढे तंगूस. मालेगावात शाळेच्या मैदानावर स्टीलचे ताट ठेवून त्यांनी महिनाभर हाच सराव केला होता. माशी ताटावर वाजली की पोरे टाळ्या पिटायची.

पहिली माशी सोळा वेढ्यांची. पडली बरोबर, पण माशाच्या वरून गेली. मासा हलला नाही. "उथळ," आम्ही कुजबुजलो. अब्बांनी दोरी ओढून घेतली, खिशातून दुसरी पेटी काढली, न पाहता चोवीसची माशी उचलली. तंगूस नेढ्यात ओवायला त्यांना चार-पाच मिनिटे लागली असतील. आम्ही हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला केला. मासा तेवढा वेळ तिथेच होता, हा त्याचा मोठेपणा.

"थोडी डावीकडे. हातभर पुढे."

माशी पाण्यात शिरली ती सुई शिरावी तशी. आम्हाला ती दिसत नव्हती, तंगूस दिसत होते. सॉयरने शिकवलेली एक युक्ती आहे. माशी माशाच्या नाकाशी आली की काठीचे टोक किंचित वर घ्यायचे. मग तळातली माशी वर उठते, जणू किडा पंख उघडायला निघाला. मासा ते सोडू शकत नाही. पण ती वेळ डोळ्यांनी साधायची असते. ती सांगायचे काम आमचे होते. आम्ही माशाकडे पाहत होतो. तो वळला, पांढरे दिसले, आम्ही 'उठाइए' म्हणायला तोंड उघडले आणि काठी आधीच वाकलेली होती.

नंतर विचारले, तुम्हाला कसे कळले? म्हणाले, "तार भारी हो गई." तेवढेच. कॉइल भरताना वेढ्यावर वेढा चढला की बोटाला लागते तसे, अशी थोडी फोड त्यांनी रात्री केली. आम्हाला ती पूर्ण कळली असे म्हणवत नाही.

मासा दीड विताचा. पोट लोण्याच्या रंगाचे, अंगावर काळे आणि तांबडे ठिपके, तांबड्याभोवती फिकट कडे. अब्बांनी तो ओल्या हातात धरला, डोळ्याच्या अगदी जवळ नेला आणि एक-एक ठिपका पाहिला. त्या उरलेल्या गोल खिडकीत एका वेळी दोन-तीन ठिपके येत असावेत.

चाचांनी विचारले, सोडायचा का? परदेशी लोक सोडतात. गळाचा आकडा घासून काढलेला असला की माशाला फारशी इजा होत नाही, आणि नदीत मासे राहतात, हे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. जिथे धरणारे फार आणि मासे थोडे तिथे दुसरा इलाजही नाही. पण अब्बांनी मान हलवली. भुकेसाठी धरला असेल तर खा, नाही तर त्याला त्रास कशाला दिला? खेळ म्हणून जिवाच्या तोंडात लोखंड घालायचे आणि मग मेहेरबानी म्हणून सोडायचे, हे त्यांना पटेना. आम्ही दोन्ही बाजू समजू शकतो, आणि आमचा कल अब्बांकडे आहे. संध्याकाळी चाचांच्या घरी मीठ-हळद-मिरची लावून तो तळला. सहा माणसांत एक मासा. त्या परवान्यावर आणखी धरता आले असते. अब्बांनी काठी दुसऱ्या दिवशी हातात घेतली नाही. चाचांच्या ओसरीत बसून त्यांच्या नातवाला माशी बांधायला शिकवत राहिले.

पुढल्या मे महिन्याची तिकिटे आम्ही जानेवारीअखेरच विचारून ठेवली होती. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामच्या बैसरनमध्ये 26 माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्राचे सहा जण होते. वाचवायला धावलेला एक स्थानिक घोडेवालाही होता, मुसलमान. नाव, धर्म विचारून गोळ्या घातल्याचे वाचले तेव्हा शाळेत दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. चाचांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग एकच वाक्य, "मेहमान थे." त्यांच्याकडची बरीच ठिकाणे पर्यटकांना बंद झाली, परवाने कोण घेणार? मे महिन्यात पाहुण्यांवर वर्ष काढणारी ती घरे. आमच्या एका नातेवाइकाने विचारले, तिकडे जाणार होतात ना, सुटलात. 'सुटलात' हा शब्द आम्हाला लागला, पण वाद घातला नाही.

त्या जूनमध्ये अब्बांच्या उजव्या डोळ्याची तपासणी झाली. पडद्यावर दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचे, अशी ती तपासणी असते. कागदावर काळा भाग आदल्या वर्षीपेक्षा वाढला होता. डॉक्टरांनी थेंब बदलले. घरी येताना रिक्षात अब्बांनी विचारले, मधली जागा किती उरली? आम्ही अंगठा आणि तर्जनीचे कडे करून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दुसऱ्या हाताने चाचपले आणि म्हणाले, "काम भर का है."

जुलैत त्यांनी चोवीस वेढ्यांच्या बारा माश्या बांधल्या. काडेपेटीत कापूस, वर माश्या, वर पुन्हा कापूस, आणि चाचांच्या नावाने स्पीड पोस्ट. पोस्टातल्या बाईंनी आत काय विचारले, तर अब्बांनी 'मक्खियाँ' सांगितले. त्यावर जो गोंधळ झाला तो वेगळा लिहिण्याजोगा आहे.

ऑगस्टच्या अखेरीस चाचांचा फोन आला. परवाने थोडे थोडे निघू लागले होते. बारातल्या तीन माश्या झाडांच्या मुळांत गेल्या, एक माशाने तोडून नेली. बाकीच्या ठीक आहेत, पण पाणी आता उतरले आहे, उथळ आहे, तेव्हा थोडी हलकी आणि बारीक अंगाची हवी. नातू बांधतो, पण त्याच्याकडची तार जाड आहे. अब्बांनी फोन आमच्या हातून घेतला आणि गेज विचारला. चाचांना गेज माहीत नव्हता. अब्बा म्हणाले, मग तार दोन बोटांत धरून फुंकर मारा, हलते का सांगा. पलीकडून फुंकरीचा आवाज आला. "नहीं हिलती," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही भंगार बाजारात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ शोधत फिरलो. तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने दोनशे सांगितले, आम्ही दीडशेला आणला. ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. अब्बांनी वरचे कागद सोलले, तारेचे टोक नखाने शोधले आणि ओठांशी नेऊन फुंकर घातली.